उतरायचं कुठं?

औशात कुणी "हैदराबादला चाललोय" म्हटलं, तर "लग्नाला की दवाखान्याला?" एवढंच विचारतात. "उतरणार कुठं?" असं कुणी विचारत नाही. प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिथं असतंच. कुणाची फुफ्फी, कुणाचे मामू, कुणाच्या सासरचं माणूस. आमच्या घरापुरतं सांगायचं, तर हैदराबादला उतरायची जागा म्हणजे याकूतपुऱ्यातलं खालांचं घर. खाला म्हणजे अम्मींची धाकटी बहीण. १९८० साली लग्न होऊन त्या औशाहून तिकडं गेल्या. तेव्हापासून आमच्या खानदानातलं जे कुणी हैदराबादला गेलं, ते त्यांच्याच घरी उतरलं.

हे नातं आजचं नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत औसा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. कारभाराची भाषा उर्दू होती. मोठं कोर्ट, मोठा दवाखाना, विद्यापीठ सगळं हैदराबादला. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेव्हा शिकवण्याचं माध्यमही उर्दूच ठेवलं होतं. पुढं १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. राजधानी पश्चिमेला गेली, पण आमच्या वडीलधाऱ्यांचे पाय पूर्वेकडंच वळत राहिले. लग्नाचा बस्ता चारमिनारपाशी बांधायचा, बांगड्या लाड बाजारातून आणायच्या आणि दुखणं हाताबाहेर गेलं की उस्मानिया दवाखाना गाठायचा. आणि या प्रत्येक खेपेला मुक्काम कुणा नातेवाइकाच्या घरी.

खालांच्या घराचे आमच्यावर आणखीही उपकार आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातलं. तिकडची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली, हजारो माणसं दगावली. औशात आमच्या घराच्या मातीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. आमच्यातला एक जण तेव्हा पाच वर्षांचा होता. छपराखाली झोपायला कुणी तयार नव्हतं, सगळी गल्ली रात्र रात्र रस्त्यावर बसून असायची. चौथ्या दिवशी खालू आले आणि दादी, अब्बा, अम्मी आणि तीन लेकरं अशा सगळ्यांना घेऊन गेले. दोन खोल्यांचं घर, त्यात त्यांची स्वतःची सहा माणसं. त्या घरात आम्ही दोन महिने राहिलो. खाला तेव्हा स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला झोपायच्या, एवढं आठवतं. पुढंही आम्ही जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा त्यांचा पलंग आम्हाला मिळाला आणि त्या आत झोपल्या. आम्हाला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

अशा घरात "उतरायचं कुठं?" हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो २०२२ च्या दिवाळीच्या सुटीत, आणि तो उभा केला रामोजी फिल्म सिटीनं.

आम्ही दोघंही उर्दू शाळेत शिकवतो. दोघांचंही बी.एड. झालेलं. एकाचा पगार पूर्ण मिळतो, दुसऱ्याची शाळा अनुदानाच्या टप्प्यावर अडकलेली. त्यामुळं घरात सहलीचा विषय निघाला की आधी वही-पेन निघतं. त्या वर्षी मुलगी पाचवीत होती आणि धाकटा दुसरीत. 'बाहुबली'चा महाल जिथं उभा केला होता ती जागा खरोखरच बघायला मिळते, असं तिला कुणीतरी वर्गात सांगितलं. त्या दिवसापासून तिनं घर डोक्यावर घेतलं. कोरोनाच्या दोन वर्षांत लेकरं मोबाइलसमोर बसून शिकली होती. नाही म्हणायला आमचा जीव होईना.

रामोजी राव यांनी १९९६ साली ही नगरी उभी केली. हैदराबादहून विजयवाड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, हयातनगरच्या पुढं. विस्तार सोळाशे एकरांहून जास्त. जगातलं सर्वांत मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. आत बागा, पाळणे, पक्ष्यांची बाग, सिनेमाचे सेट, आणि राहायला हॉटेलंही. सितारा हे भारी, तारा त्याखालचं, शांतिनिकेतन आणखी साधं. म्हणजे पाकीट बघून पायरी निवडायची.

शिक्षकाची खोड म्हणून आम्ही जरा मागचंही वाचलं. बागेच्या आतच हॉटेल ही कल्पना आली कुठून? अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड उघडलं, तेव्हा वॉल्ट डिस्ने यांच्याकडं स्वतःचं हॉटेल बांधायला पैसा उरला नव्हता. शेजारचं हॉटेल दुसऱ्याच उद्योजकानं बांधलं. भोवती स्वस्त मोटेलांच्या रांगा उठल्या. पाहुणे डिस्नेंचे आणि भाडं शेजाऱ्यांच्या गल्ल्यात. यातून ते शिकले. पुढं फ्लोरिडात सत्तावीस हजार एकरांवर जमीन घेतली गेली आणि १९७१ साली तिथलं पार्क उघडलं ते आतल्या हॉटेलांसकट. आपल्याकडं खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं आणि त्याच्या आवारातलं हॉटेल २०१५ साली आलं. तात्पर्य, आत राहणाऱ्याची सोय होते हे खरं, पण ती सोय आधी मालकाची असते. एवढं कळलं की हिशेब करायला बरं पडतं.

मग आम्ही पाठ टाचण काढावं तसा कागद काढला. तीन रकाने केले. पहिला, खालांचं घर. दुसरा, नामपल्ली स्टेशनजवळचा एखादा लॉज. तिसरा, फिल्म सिटीच्या आत.

पहिल्या रकान्यात पैशाचा खर्च शून्य. पण याकूतपुऱ्याहून फिल्म सिटीला जायचं म्हणजे जुन्या शहरातून निघून एल. बी. नगर, तिथून हयातनगर आणि पुढं. गर्दीच्या वेळी तासावर वेळ जाणार. सकाळी नऊला फाटक उघडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला सगळं आवरायला लागतं. तिकीट माणशी हजाराच्या वर. एवढं मोजून उशिरा पोहोचायचं आणि सहा जणांची एक न्हाणी उरकून निघायचं, तर अर्धा दिवस तिथंच गेला. शिवाय येण्याजाण्याच्या गाडीचं भाडं, म्हणजे शून्यही शून्य राहत नाही.

दुसऱ्या रकान्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका थंड हवेच्या गावी गेलो होतो. फोनवर "खोली आहे, या" म्हणणाऱ्या माणसानं समोर आधार कार्डं वाचली, आमच्याकडं बघितलं आणि "आत्ताच गेली हो" म्हणाला. रात्रीचे नऊ वाजले होते, एक लेकरू खांद्यावर झोपलेलं. वाद घालायची ती वेळ नव्हती. दुसरी खोली मिळाली, पण त्या रात्रीपासून काउंटरवर कार्ड पुढं करताना हात जरा जड होतो. हैदराबादेत असं होणार नाही हे माहीत होतं. तरी लॉज म्हटलं की तेच आठवतं. आणि लॉज दूर तो दूरच. घरचा जिव्हाळा नाही आणि आतली सोयही नाही.

तिसरा रकाना महाग होता. एका रात्रीचं पॅकेज आमच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त पडत होतं. पण त्याच्या बाजूनं एक भक्कम गोष्ट होती, ती म्हणजे अम्मींचे गुडघे. अम्मी पासष्ट वर्षांच्या. एवढ्या आवारात दिवसभर फिरणं त्यांना झेपणारं नव्हतं. मुक्काम आत असला, तर दुपारी खोलीवर परतता येईल, पाय लांब करता येतील, जोहरची नमाज निवांत होईल आणि ऊन कलल्यावर पुन्हा निघता येईल. बाहेरून येणाऱ्याला एकदा आत शिरलं की संध्याकाळपर्यंत बाकावर बसून काढावं लागतं. म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू बरोबर असेल, तर आतल्या खोलीचे पैसे खोलीसाठी नसतात, दुपारच्या त्या दोन तासांसाठी असतात. शिवाय नावं आधीच लिहून, पैसे आधीच भरून जायचं. काउंटरवर काही व्हायचं शिल्लक राहत नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती कागदावर आली नाही. आमच्यातल्या एकीचं म्हणणं असं होतं, की नातेवाइकांकडं पुरुष मुक्काम करतात, बायका नुसतं स्वयंपाकघर बदलतात. खालांच्या घरी पोहोचलं की तासाभरात ओढणी कमरेला खोचून कणीक मळायला बसायचं. कुणी सांगत नाही, पण न बसून कसं चालेल? लग्नाला बारा वर्षं झाली होती. जिथं आयता चहा हातात येईल आणि अंथरूण दुसरं कुणी घालेल, अशी एक रात्र तिला हवी होती. आमच्यातला दुसरा यावर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ते ठीक आहे. पण खालांना काय सांगायचं?"

अडलं होतं ते तिथंच. हैदराबादला जाऊन हॉटेलात उतरायचं, म्हणजे खालांच्या तोंडावर दार लावण्यासारखं होतं. त्यांच्या नावासमोर आम्ही रकान्यात एकच शब्द लिहिला, "रागावतील".

तेव्हा आम्ही सगळ्यात सोपं ते केलं. खोटं बोललो. शनिवारी पहाटे पोहोचणार होतो, खालांना रविवार सांगितला. अम्मींना हे पसंत नव्हतं, पण नातवंडांच्या हट्टापुढं त्यांनी मान खाली घातली. रात्री लातूर रोडला गाडीत बसलो. उदगीर, बिदर, विकाराबाद मागं टाकत पहाटे हैदराबादला उतरलो आणि स्टेशनावरून थेट तिकडं गेलो.

सहल चांगली झाली. लाल रंगाच्या उघड्या बसमधून फिरलो. एका इमारतीला प्रत्येक बाजूनं वेगळं तोंड. समोरून विमानतळ, वळून गेलं की दवाखाना. आतून सगळं पोकळ. धाकट्यानं एका दगडी खांबावर टिचकी मारली, तो वाजला डब्यासारखा. "नकली है!" म्हणून तो दिवसभर दिसेल त्या भिंतीवर टिचक्या मारत फिरला. दुपारी अम्मी खोलीवर जाऊन दीड तास झोपल्या आणि संध्याकाळी ताज्या होऊन आल्या. आमचा हिशेब बरोबर निघाला होता. रात्री चहा आयता आला. जिच्यासाठी आला होता, तिनं तो खिडकीपाशी बसून, एक शब्द न बोलता, थंड होईपर्यंत पुरवून पुरवून प्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी याकूतपुऱ्याला गेलो, जणू आत्ताच गाडीतून उतरलो. खालांनी खट्टी दाल केली होती, तळलेलं गोश्त होतं. खालू तीन वर्षांपूर्वी गेल्यापासून त्या मुलाजवळ त्याच घरात राहत होत्या. दस्तरखान घातला. मुलगी हात धुऊन आली आणि म्हणाली, "छोटी दादी, वहाँ के बाथरूम में ना, गरम पानी अपने आप आता. हम तो रात को भी नहाये."

घास तोंडातच राहिले. अम्मींनी नजर ताटात घातली. आता बोलणी बसणार म्हणून आम्ही वाट बघत होतो. खालांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि अम्मींच्या ताटात दाल वाढली. म्हणाल्या, "अच्छा किये. आपा के घुटनों कू आराम मिला."

मग वाढता वाढताच, कुणाकडं न बघता बोलल्या, "चालीस बरस से ऊपर हो गये इस शहर में. कैसा है जी रामोजी? मैं भी नै देखी."

हा टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्ही सोसला असता. खालांना खरंच जाणून घ्यायचं होतं. धाकट्यानं लगेच सांगायला सुरुवात केली, खांब कसे पोकळ आहेत, आगगाडी कशी उभीच असते. त्या हातातला चमचा तसाच धरून लहान मुलीसारख्या ऐकत होत्या.

परतीच्या गाडीत आम्ही फारसं बोललो नाही. अम्मींचे गुडघे मोजले होते, लेकरांच्या झोपेच्या वेळा मोजल्या होत्या, रिक्षाचं भाडं मोजलं होतं. खालांच्या नावासमोर मात्र फक्त त्यांचा राग लिहिला होता. त्यांनाही कुठं जावंसं वाटत असेल, कधी दुसऱ्याच्या पलंगावर झोपावंसं वाटत असेल, हे तिन्ही रकान्यांत कुठं नव्हतं. ज्यांचं घर सगळ्या खानदानाची धर्मशाळा, त्यांना स्वतःच्या शहरात पाहुणं होऊन बघायला एकही जागा नव्हती. मेहमाननवाजी तीन दिवसांची, त्यापुढचा सदका, असं हदीसमध्ये आहे. आम्ही १९९३ साली तिथं दोन महिने राहिलो. तो सदका कुणी, कधी फेडायचा?

त्यानंतर दोन वर्षं गेली. निवडणुकीची कामं, शाळेच्या परीक्षा, घराची गळती. २०२४ च्या डिसेंबरात जमलं. त्याच वर्षी जूनमध्ये रामोजी राव वारले होते. या वेळी सुटीचे दिवस टाळून आम्ही दोघांनी किरकोळ रजा टाकल्या आणि मंगळवार धरला. गर्दी कमी आणि खोलीचं भाडंही उतरलेलं. दोन खोल्या घेतल्या. एक आमची लेकरांसकट, एक दोघी बहिणींची. मुलीला नातेवाइकांमधला हिशेब आता कळू लागला होता. तिनं आपल्या ईदीच्या साठवणीतून पाचशे रुपये काढून दिले.

खाला तयार होईनात. "घर छोड को हॉटेल में रहूँ? लोगां क्या बोलेंगे!" त्यांच्या मुलालाही ते रुचलं नाही. आपल्या आईला मावसभाऊ हॉटेलात ठेवणार, म्हणजे आपण कमी पडलो, असं त्याला वाटलं. त्याचंही चूक नव्हतं. आम्ही फोनवर समजावून थकलो. शेवटी अम्मींनी फोन मागून घेतला. थोरल्या बहिणीच्या आवाजात म्हणाल्या, "भूकंप में तू मेरेकू दो महीने रखी. मैं तेरेकू एक रात नै रख सकती क्या?"

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग आलं, "हौ, आती."

त्या दिवशी आम्ही निम्मंही बघितलं नाही. दोन म्हाताऱ्यांच्या पायानं चाललो. नकली रेल्वे स्टेशनवर दोघी बाकावर बसल्या त्या उठेचनात. खालांनी विचारलं, "इधर गाडी नै आती?" अम्मी म्हणाल्या, "नै आती. बैठ." १९८० साली खाला लाल जोड्यात औशाहून निघाल्या, तेव्हा अम्मी त्यांना गाडीपर्यंत पोहोचवायला गेल्या होत्या. त्याबद्दल दोघी काही बोलल्या की नाही, आम्हाला माहीत नाही. आम्ही लेकरांना घेऊन पाळण्यांकडं गेलो होतो. परत आलो तेव्हा दोघी तशाच बसून होत्या आणि पिशवीतल्या शेंगा सोलत होत्या.

रात्री भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं येत होतं. शब्द कळत नव्हते, मधूनच हसणं ऐकू यायचं. एक वाजून गेला तरी चालूच होतं. औशात असल्या की अम्मींमागं घर, याकूतपुऱ्यात खालांमागं घर. दोघींपैकी कुणालाच उठायचं नाही अशी रात्र लग्नानंतर त्यांना पहिल्यांदाच मिळाली असावी. सकाळी आम्ही दार वाजवलं, तर खालांनी फजरनंतर दोन्ही पलंगांच्या चादरी ताणून घडी बसवली होती आणि चहाचे कप धुऊन पालथे घातले होते. "अजी, ते लोक करतात," आम्ही म्हटलं. त्या म्हणाल्या, "करते होंगे. मेरेकू बैठने कू नै आता."

आता औशात आम्हाला लोक विचारतात. आत राहावं की बाहेर? कुठं स्वस्त पडतं? कळतं तेवढं आम्ही सांगतो. तरणी माणसं असाल तर बाहेर राहा, सकाळी लवकर निघा, पैसे वाचतील. म्हातारी किंवा लहान लेकरं असतील तर एक रात्र आत काढा, मधल्या वारी जा. तिथं नातेवाईक असतील तर खोटं बोलू नका, लेकरं सांगून टाकतात. आणि त्यांच्यापैकी कुणी ती जागा बघितली नसेल, तर त्यांचीही खोली धरा.

मागच्या मे महिन्यात अम्मींचे डोळे दाखवायला हैदराबादला गेलो. उतरलो याकूतपुऱ्यातच. खालांनी पलंग दिला, आम्ही घेतला नाही. बरीच ओढाताण झाली आणि शेवटी दोघी बहिणी त्याच पलंगावर झोपल्या. सकाळी न्हाणीत गेलो, तर कोनाड्यात फिल्म सिटीच्या हॉटेलातली साबणाची छोटी वडी दिसली. अजून कागदातच होती, मेहमानांसाठी ठेवलेली. आम्ही ती फोडली नाही. खालांच्या नेहमीच्या लाल साबणानं आंघोळ केली आणि बाहेर आलो.